गंभीर जखमीला न्यायचं कुठे?

रात्री साडेअकराला पुण्याच्या कात्रज-देहूरोड बाह्यवळणावर एका दुचाकीस्वाराला ट्रकची धडक बसली, असं समजा. माणूस जिवंत आहे, पण विचारलेल्याचं उत्तर देत नाही. पोट ताठ होत चाललंय, मांडी भलत्याच कोनात वळलीय. पाच मिनिटांत वीस माणसं जमतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, "आधी जवळच्या हॉस्पिटलला टाका, बाकीचं मग बघू." सल्ला मनापासूनचा असतो. पण अशा जखमीसाठी तो बऱ्याचदा चुकतो, आणि तो का चुकतो हे कळलं की गंभीर जखमींच्या उपचारांची व्यवस्था कशी असायला हवी याचं निम्मं उत्तर हातात येतं.

बाह्यवळणाच्या आसपास रुग्णालयांना तोटा नाही. 'ॲक्सिडेंट हॉस्पिटल' अशी पाटीही दिसेल. पण रात्री बाराला आत काय असतं? एक तरुण आरएमओ (निवासी डॉक्टर), दोन सिस्टर, एक वॉर्डबॉय. सर्जन फोनवर, घरी. भूलतज्ज्ञ तीन रुग्णालयं सांभाळतात आणि आत्ता चौथ्याच ठिकाणी आहेत. सीटी स्कॅनचा टेक्निशियन बोलवावा लागतो, रक्त बाहेरच्या रक्तपेढीतून आणावं लागतं. यात कोणाचाच दोष नाही. वीस खाटांच्या रुग्णालयाला चोवीस तास सगळं परवडत नाही. मग जखमीला सलाइन लागतं, मांडीला आधार बांधला जातो, एक्स-रे निघतो, आणि तास-दीड तासाने कोणीतरी बाहेर येऊन सांगतं, "आमच्याकडे होणार नाही, पुढे न्या." पोटातला रक्तस्राव तोवर सुरूच असतो.

हा प्रश्न मोजून बघितला गेला तो अमेरिकेत, १९७९ साली. कॅलिफोर्नियातल्या दोन ठिकाणच्या अपघाती मृत्यूंची तुलना डॉक्टरांनी केली. सॅन फ्रान्सिस्कोत सगळ्या गंभीर जखमींना एकाच ठरलेल्या, सुसज्ज रुग्णालयात नेत. ऑरेंज काउंटीत जे जवळ असेल तिथे नेत. दोन्हीकडचे नव्वदच्या आसपास मृत्यू एकेक करून तपासले. ऑरेंज काउंटीत मेंदूची इजा नसलेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश मृत्यू टाळता आले असते, असा निष्कर्ष निघाला. सॅन फ्रान्सिस्कोत असा मृत्यू सापडला फक्त एक. वर ऑरेंज काउंटीतले जखमी सरासरीने तरुण होते आणि त्यांच्या जखमाही तुलनेने कमी होत्या. म्हणजे जगण्याची शक्यता जास्त असलेली माणसं जास्त गेली, आणि दोन्हीकडे डॉक्टर, औषधं, यंत्रं त्याच देशातली, त्याच काळातली होती. फरक होता तो जखमीला कुठे न्यायचं हे आधी ठरलेलं असण्याचा.

इंग्लंडला हे पटायला आणखी तीस वर्षं लागली. २००७ च्या एका पाहणीत तिथल्या निम्म्याहून अधिक गंभीर जखमींना हव्या त्या दर्जाचे उपचार मिळत नसल्याचं निघालं. त्यानंतर लंडनमध्ये २०१० ला आणि उरलेल्या इंग्लंडमध्ये २०१२ ला रुग्णालयांची जाळी आखली गेली: प्रत्येक भागात एक मुख्य केंद्र, भोवती लहान केंद्रं, आणि रुग्णवाहिकेने कोणाला कुठे न्यायचं याचे लेखी नियम. त्यासाठी नव्या इमारतींचा सपाटा लावला नाही. होती त्याच रुग्णालयांना कामं वाटून दिली. पुढे २०१८ साली आलेल्या अभ्यासात गंभीर जखमी वाचण्याचं संभाव्यता-गुणोत्तर (वाचणारे विरुद्ध दगावणारे, हे प्रमाण) १९ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं.

आता थोडं शरीराकडे येऊ, कारण घाई नक्की कशाची हे त्याशिवाय कळत नाही. श्वासाचा मार्ग बंद झाला तर हातात मिनिटं असतात. रक्तस्रावाला थोडा जास्त वेळ मिळतो, पण तो फसवा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. मांडीचं हाड मोडलं की एक ते दीड लिटर नुसतं मांडीतच जिरतं, बाहेर थेंब दिसत नाही. ओटीपोटाचं हाड फुटलं तर त्याहून जास्त. सुरुवातीला शरीर रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब टिकवून धरतं, म्हणून तरुण जखमी बराच वेळ 'ठीक' दिसतो आणि मग एकदम कोसळतो. 'चांगला बोलत होता हो, पाणी मागत होता' हे वाक्य नातेवाईकांकडून ऐकू येतं त्यामागे हेच असतं.

त्यात एक दुष्टचक्र सुरू होतं. रक्त गेलं की शरीर गार पडतं. गार रक्त नीट गोठत नाही. पेशींना प्राणवायू कमी पडून रक्तातली आम्लता वाढते, तिनेही गोठणं बिघडतं. म्हणजे रक्तस्राव वाढतो आणि शरीर आणखी गार पडतं. अशा वेळी गार सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्या तर रक्तदाबाचा आकडा जरा वर येतो, पण उरलंसुरलं रक्त पातळ आणि गार होतं. म्हणून डिसेंबरच्या रात्री रस्त्यावर पडलेल्याच्या अंगावर घोंगडी टाकणं हाही उपचारच आहे.

शस्त्रक्रियेची पद्धतही यामुळे बदलली. पूर्वी सगळं दुरुस्त करूनच रुग्णाला बाहेर आणत. आता अत्यवस्थ जखमीचं पोट उघडतात, रक्तस्राव थांबवतात, फाटलेलं आतडं तात्पुरतं बंद करतात आणि तासाभरात त्याला आयसीयूत नेऊन ऊब आणि रक्त देतात. उरलेलं काम एक-दोन दिवसांनी. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना हे भयंकर वाटतं. "ऑपरेशन अर्धवट सोडलं, पोट उघडंच ठेवलंय" म्हणून वादही होतात. तो अर्धवटपणा मुद्दाम ठेवलेला असतो, हे आधी कोणी शांतपणे समजावून सांगितलं तर पुढचे बरेच वाद टळतील.

'गोल्डन अवर' हा शब्द इथूनच आला. तो रुजवला बाल्टिमोरच्या आर. ॲडम्स काउली या सर्जनने. आपल्या मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने त्याची व्याख्या आली आहे: इजा झाल्यापासूनचा एक तास. कायद्याला आकडा लागतो, ते ठीक. शरीर मात्र घड्याळ बघत नाही. कोणाकडे दहा मिनिटं असतात, कोणाकडे तीन तास. आणि तो तास रुग्णालयाच्या दारात पोचण्याचा नाही, रक्तस्राव थांबण्याचा आहे. आपल्याकडे बातमी येते 'जखमींना तातडीने रुग्णालयात हलवण्यात आले' आणि सगळ्यांना काम झाल्यासारखं वाटतं. खरं काम तिथून सुरू व्हायचं असतं.

मग कोणाला दूरच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं आणि कोणाला जवळच्या, हे रस्त्यावर ठरवायचं कोणी? मनगट मोडलेल्याला मोठ्या केंद्रात नेऊन तिथली जागा अडवायची नाही, आणि यकृत फाटलेल्याला छोट्या दवाखान्यात अडकवायचं नाही. यासाठी वापरले जाणारे निकष आश्चर्य वाटावं इतके साधे आहेत. सांगितलेलं करतो का ('हात उचला' म्हटल्यावर उचलतो का)? वरचा रक्तदाब ९० च्या खाली आहे का? श्वास मिनिटाला १० पेक्षा कमी किंवा २९ पेक्षा जास्त आहे का? छाती-पोटात काही घुसलंय का, ओटीपोटाचं हाड हलतंय का, दोन मांड्या मोडल्यात का? यातलं एक जरी असलं तरी गाडी थेट मोठ्या केंद्राकडे. दोनच गोष्टींसाठी वाट वाकडी करायची: श्वासाचा मार्ग गाडीत सांभाळता येत नसेल किंवा रक्त थांबतच नसेल, तर जवळच्या सक्षम ठिकाणी तेवढं करून लगेच पुढे.

असे नियम लावले की काही वेळा फुकटची धावपळ होणार. चमू जमलेला, शस्त्रक्रियागृह (ओटी) तयार, आणि जखमीला निघतं साधं खरचटलेलं. लोक वैतागतात. पण अमेरिकी सर्जनांच्या संघटनेने हा हिशेब उघडपणे मांडलाय: गंभीर जखमी चुकीच्या जागी जाण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत ठेवायचं असेल, तर पंचवीस ते पस्तीस टक्के वेळा विनाकारण धावावं लागेल. अग्निशमन दलाची गाडी खोट्या धुरासाठीही निघते, त्याबद्दल आपण तक्रार करत नाही.

वयाचाही हिशेब आहे. पासष्टीपुढच्यांसाठी रक्तदाबाची सीमा ९० ऐवजी ११० धरतात, कारण एरवी १५० वर असणाऱ्या आजोबांसाठी १०५ म्हणजे धोक्याची घंटा. आणि गंभीर इजा म्हणजे महामार्गच, असंही नाही. इंग्लंडच्या नोंदींमध्ये गंभीर इजांचं एक मोठं कारण निघालं ते उभ्या उंचीवरून पडणं, म्हणजे घरात, बाथरूममध्ये. पेन्शनरांचं पुणं म्हणवून घेणाऱ्या शहराने हे विसरू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारी आजी डोक्यावर पडली आणि 'जरा टेंगूळ आलंय' म्हणून झोपवली, तर तीही वेळ चुकलेली ट्रॉमा केसच, म्हणजे गंभीर इजेचीच रुग्ण असते.

पुण्याकडे या साखळीची एक मोठी कडी आहे. राज्याची १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, तेव्हा तिचा नियंत्रण कक्ष पुण्यात औंधला उभा राहिला. गडचिरोलीतून लावलेला फोनही औंधला उचलला जाणार, अशी ती रचना. गाडीत डॉक्टर, हे तिचं वैशिष्ट्य. सगळ्या साखळीत फक्त या कक्षालाच एका वेळी दोन्ही बाजू दिसू शकतात: रस्त्यावर काय चाललंय आणि रुग्णालयांत काय. कोणत्या रुग्णालयात या क्षणी सर्जन हजर आहे, सीटी चालू आहे, आयसीयूत खाट आहे, हे त्या पडद्यावर दर तासाला ताजं दिसणं ही माझ्या मते दहा नव्या गाड्यांपेक्षा मोलाची गोष्ट.

त्यापुढची पायरी म्हणजे गाडीतून आधी फोन. कसा? चार गोष्टी, तीस सेकंदांत: अपघात कसा झाला, इजा कुठे दिसतात, नाडी-रक्तदाब-श्वास-शुद्ध काय, आणि काय उपचार केले. 'एक सिरीयस पेशंट आणतोय' याला निरोप म्हणत नाहीत. नीट निरोप मिळाला तर जखमी पोचायच्या आधी दहा मिनिटं हातात येतात, आणि त्या दहा मिनिटांत ओ निगेटिव्ह रक्ताच्या पिशव्या खाली येतात, सीटी रिकामा ठेवला जातो, लिफ्ट धरून ठेवली जाते. लिफ्ट ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण कॅज्युअल्टी तळमजल्यावर, सीटी तळघरात, ओटी चौथ्या मजल्यावर अशा इमारतीत जखमीचा बराच वेळ स्ट्रेचरवर, लिफ्टच्या दारात जातो.

आणि मग चमू. इथे पुणेकरांना वेगळं समजवायची गरज नाही. विसर्जन मिरवणुकीत आधी कसबा, मग तांबडी जोगेश्वरी, मग गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, हा क्रम वर्षानुवर्षं ठरलेला आहे. त्या दिवशी चौकात उभं राहून मानाचा पहिला कोण यावर चर्चा होत नाही. जखमीच्या खाटेभोवती अगदी हेच लागतं. डोक्याशी भूलतज्ज्ञ, श्वास त्याच्या ताब्यात. उजवीकडे तपासणारा डॉक्टर, डावीकडे शिरा मिळवणारी सिस्टर, एक जण कपडे कापणार, एक जण लिहिणार. पायाशी म्होरक्या, हात न लावता उभा. तो एकटाच बोलणार. तपासणीचा क्रमही पक्का: श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण, मेंदू, मग सगळे कपडे काढून पाठीसकट पूर्ण शरीर. हाड कितीही विचित्र वळलेलं असो, नजर आधी तिकडे जाऊ द्यायची नाही.

या क्रमामागे एक अपघातच आहे. १९७६ साली अमेरिकेत जेम्स स्टायनर नावाच्या अस्थिरोगतज्ज्ञाचं छोटं विमान नेब्रास्कात शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, तो आणि मुलं जखमी. जवळच्या छोट्या रुग्णालयात मुलांवर जे उपचार झाले ते पाहून तो हादरला: शेतात तुटपुंज्या साधनांनी मी यांची जास्त चांगली काळजी घेतली, असं त्याचं म्हणणं. त्यातून १९७८ मध्ये पहिला प्रशिक्षण वर्ग झाला. आज जगभरचे डॉक्टर तोच अभ्यासक्रम शिकतात, भारतातलेही.

रक्ताबद्दल थोडं परखड बोलायला हवं. रक्ताची चिठ्ठी हातात देऊन नातेवाइकाला रक्तपेढीकडे पिटाळणं ही आपल्याकडची इतकी अंगवळणी पडलेली प्रथा आहे की ती कोणाला खटकत नाही. गंभीर रक्तस्रावात मात्र लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट जवळजवळ सारख्या प्रमाणात आणि लगेच लागतात. म्हणजे ठरलेला संच एका फोनवर खाली यायला हवा, कागद नंतर. सोबत रक्तस्राव रोखायला मदत करणारं एक स्वस्त औषध आहे, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. २०१० साली वीस हजारांहून जास्त जखमींवर झालेल्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाले. पण दिलं तर तीन तासांच्या आत द्यायचं. नंतर फायदा जातो, उलट अपाय होऊ शकतो. स्वस्त औषधाचाही उपयोग होतो तो व्यवस्था वेळेवर चालली तरच.

कायद्याचं आणि पैशाचं लवकर सांगतो. जखमीवर उपचार आधी, पोलिसांची कागदपत्रं नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केलंय. मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने कायदेशीर संरक्षण आहे. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती कोणी करू शकत नाही. आणि मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे: रस्ते अपघातातल्या जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचार. कॅज्युअल्टीच्या खिडकीवर डिपॉझिट मागितलं गेलं तर हे सगळं ठाऊक असलेलं बरं.

लहान रुग्णालयातून मोठ्याकडे पाठवणं, म्हणजे आपलं 'रेफर', ही या साखळीची सगळ्यात कच्ची कडी. आज एखादा आरएमओ जखमी समोर असताना एकामागून एक फोन लावतो: बेड आहे का, व्हेंटिलेटर आहे का, न्यूरोसर्जन आहेत का. इंग्लंडच्या जाळ्यात मुख्य केंद्राने गंभीर जखमीला 'बेड नाही' म्हणायचं नसतं. आधी घ्यायचा, जागा कशी करायची ती आतली डोकेदुखी. पुण्यात हे करायचं तर दोन महापालिका, कॅन्टोन्मेंट, जिल्हा परिषद, ससूनसारखं सरकारी रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम, आणि मोठी खासगी रुग्णालयं यांना एका लेखी करारावर सह्या कराव्या लागतील. हिंजवडीला पडलेला माणूस कोणत्या हद्दीत पडला याच्याशी त्याच्या प्लीहेला काही देणंघेणं नसतं. प्रत्यारोपणाच्या अवयवासाठी याच शहरात रस्ते मोकळे करून हरित मार्ग आखले जातात; पोलीस, रुग्णालयं, समन्वय केंद्र सगळे एका सुरात चालतात. म्हणजे जमत नाही असं नाही.

शेवटची कडी नेहमीच राहून जाते. जखमी वाचतो, टाके निघतात, डिस्चार्ज कार्ड मिळतं. पुढे? कण्याला मार बसलेला, पाय गमावलेला, डोक्याच्या इजेनंतर चिडका आणि विसराळू झालेला तरुण घरी येऊन बसतो. इंग्लंडमध्ये मुख्य केंद्रातून बाहेर पडताना पुनर्वसनाची लेखी योजना सोबत देतात: कोणता व्यायाम, कोणाकडे, किती दिवस, कामावर परत कधी. पुण्याला तर हे शास्त्र नवीन नाही. जखमी सैनिकांना हातची कला शिकवणारी क्वीन मेरीज संस्था खडकीत १९२२ पासून आहे, कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून, कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र १९७४ पासून. सीमेवर जखमी झालेला जवान कोणत्या टप्प्यावरून कुठे जाईल आणि शेवटी कुठे उभा राहायला शिकेल, हे लष्कराने आधी ठरवून ठेवलेलं असतं. जेवणाची पार्सलं पोचवताना बाह्यवळणावर पडलेल्या पोरासाठी तसा कागद अजून कोणी लिहिलेला नाही. तो लिहायला जागा लागत नाही की यंत्र. लागते ती वरच्या सगळ्या संस्थांची एक बैठक, आणि गेल्या महिन्यात गेलेल्या प्रत्येक जखमीची फाइल त्या टेबलावर उघडून 'याला कुठे, किती वाजता, कोणी थांबवून ठेवलं' हे विचारायची तयारी.